गुडघे थकलेल्या आई-वडिलांना डिस्ने वर्ल्ड दाखवताना

मुलांकडे अमेरिकेत आलेल्या आई-वडिलांना एकदा तरी ऑर्लँडोचे डिस्ने वर्ल्ड दाखवावे, अशी बहुतेक मराठी घरांची इच्छा असते. मात्र हा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटरचा असून त्यात चार मोठी उद्याने आहेत आणि एका उद्यानात दिवसभरात सहज दहा-बारा किलोमीटर चालणे होते, हे तिकिटे काढताना लक्षात घेतले जात नाही. ज्यांना घरातला जिना चढताना कठड्याचा आधार लागतो, त्यांच्यासाठी ही सहल आखण्याची सुरुवात पाळण्यांच्या यादीपासून नव्हे, तर त्यांच्या पायांपासून करावी. त्यांची शक्ती सकाळपासून राखून ठेवली, तर त्यांना पुष्कळ काही मनापासून पाहता येते. ती प्रवेशद्वारापर्यंतच संपली, तर पुढचे सगळे त्यांच्यासाठी केवळ सोसणे होते.

पहिला प्रश्न महिन्याचा आहे. न्यू जर्सी किंवा शिकागोची थंडी टाळण्यासाठी आई-वडील साधारणपणे एप्रिल-मेमध्ये येतात आणि पर्यटक व्हिसावर सहसा मिळणारी सहा महिन्यांची मुदत संपण्यापूर्वी परततात. नेमक्या याच काळात, विशेषतः जून ते सप्टेंबरमध्ये, फ्लोरिडात दमट उकाडा असतो आणि दुपारनंतर विजांचा पाऊस वारंवार येतो. म्हणून शक्य असेल तर ही सहल परतीच्या आधीच्या ऑक्टोबरमध्ये ठेवावी. ज्यांचे आई-वडील हिवाळ्यात येणार असतील, त्यांनी नोव्हेंबरमधील थँक्सगिव्हिंग सणापूर्वीचे किंवा जानेवारीअखेरचे दिवस निवडावेत. भारतातून आल्यावर लगेच ऑर्लँडोचे विमान पकडणे टाळावे. लांबच्या प्रवासाने सुजलेले पाय आणि बिघडलेली झोप पूर्ववत होण्यास वेळ द्यावाच लागतो.

सर्वात नाजूक विषय व्हीलचेअरचा आहे. "मला काय झालंय? मी हळूहळू चालेन," असे बाबा म्हणतात आणि मुले संकोचाने गप्प बसतात. हे बोलणे उद्यानाच्या दारात न करता घरी, निघण्याच्या काही दिवस आधी करावे. व्हीलचेअर घेणे म्हणजे चालता येत नाही अशी कबुली नव्हे. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यातले श्रम वाचवून जिथे उभे राहून पाहायचे तिथे पाय शाबूत ठेवण्याची ती सोय आहे, असे समजावून सांगितले की बहुतेक ज्येष्ठांना ते पटते. मुंबई विमानतळावर त्यांनी व्हीलचेअर घेतलेली असतेच, त्याची आठवण करून देणेही उपयोगी पडते.

प्रत्येक उद्यानात प्रवेशद्वाराजवळ साधी व्हीलचेअर आणि बॅटरीवर चालणारी स्कूटर भाड्याने मिळते. ती आगाऊ राखून ठेवता येत नाही आणि स्कूटरची संख्या मर्यादित असल्याने उद्यान उघडण्याच्या सुमारास पोहोचणे हिताचे असते. भाड्याची पावती जपून ठेवावी, कारण त्याच दिवशी दुसऱ्या उद्यानात गेल्यास तिच्या आधारे तिथे वाहन मिळू शकते. उद्यानातली स्कूटर मात्र उद्यानाबाहेर नेता येत नाही. हॉटेलच्या खोलीपासून बसपर्यंतचे अंतरही जड जात असेल, तर ऑर्लँडोत हॉटेलवर स्कूटर पोहोचवणाऱ्या खासगी भाडेकंपन्या आहेत आणि माझ्या मते त्यांच्यावर केलेला खर्च सार्थकी लागतो. बाबांनी आयुष्यभर बजाज चालवली असली, तरी ही स्कूटर वेगळ्या प्रकारे चालते आणि गर्दीत अचानक थांबणाऱ्या लहान मुलांमधून ती न्यावी लागते. त्यामुळे नजर किंवा हातांची पकड कमकुवत असल्यास कोणीतरी ढकलायची साधी व्हीलचेअरच घ्यावी. आई साडी नेसणार असेल, तर पदर आणि निऱ्या चाकात अडकणार नाहीत याची काळजी प्रत्येक वेळी बसताना घ्यावी. सलवार-कमीज अधिक सुरक्षित.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रांगेत उभे न राहता नंतरची वेळ घेऊन येण्याची जी सवलत डिस्ने देते, ती २०२४ पासून प्रामुख्याने ऑटिझम किंवा तत्सम विकासात्मक अडचणींमुळे रांगेत फार वेळ थांबू न शकणाऱ्यांसाठी मर्यादित आहे. गुडघेदुखी किंवा संधिवात यांसाठी ती मिळेल असे गृहीत धरून नियोजन करू नये. बहुतेक रांगा व्हीलचेअरसह पार करता येतात, त्यामुळे प्रश्न उभे राहण्याचा नसून वाहनातून पाळण्यात चढण्याचा असतो. त्या दृष्टीने उद्यानाचे संकेतस्थळ आणि अपंगांसाठीचा नकाशा आधी वाचावा. त्यात प्रत्येक ठिकाणी व्हीलचेअरमध्येच बसून राहता येते, स्कूटरवरून साध्या व्हीलचेअरमध्ये यावे लागते, की स्वतः उठून आसनावर बसावे लागते, हे स्पष्ट दिलेले असते. उद्यानातील कर्मचारी पाहुण्यांना उचलून बसवत नाहीत. ते काम सोबतच्या माणसांनीच करायचे असते. म्हणून खुर्चीतून मोटारीच्या आसनावर सरकण्याचा सराव घरी दोन-तीनदा करून पाहावा आणि जे घरी जमत नाही ते तिथे जमेल अशी आशा धरू नये.

मॅजिक किंगडम हे १९७१ मध्ये उघडलेले सर्वात जुने आणि सर्वात गजबजलेले उद्यान आहे. तिथे स्वतःच्या मोटारीने गेल्यास वाहनतळ तळ्याच्या अलीकडे लागतो आणि पुढे मोनोरेल किंवा मोठ्या नावेने पलीकडे जावे लागते. मोनोरेलच्या स्थानकाचा चढ लक्षात घेता व्हीलचेअर ढकलणाऱ्याला नाव सोयीची वाटते. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांची बस मात्र थेट प्रवेशद्वाराजवळ थांबते. ज्येष्ठ सोबत असताना डिस्नेच्या हॉटेलाचे जास्तीचे पैसे मोजण्याचे मला पटणारे कारण हेच आहे. आत गेल्यावर "इट्स अ स्मॉल वर्ल्ड"ची संथ नौका, "जंगल क्रूझ" आणि "कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस" अशी ठिकाणे निवडावीत. शेवटचा खेळ १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी तयार झाला होता. त्यात प्रेक्षक बसलेल्या जागीच राहतात आणि प्रेक्षागृहच फिरत जाऊन एका कुटुंबाच्या घरात वीज आणि यंत्रे कशी आली हे दाखवते. थंड हवेतली ही वीसेक मिनिटे कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेल्या पिढीला आपलीशी वाटू शकतात. याउलट "पीपलमूव्हर" पाहायला शांत असला, तरी त्यात सरकत्या पट्ट्यावरून चढावे-उतरावे लागते, त्यामुळे पाय अडखळत असतील तर तो सोडून द्यावा.

एकच उद्यान पाहायचे असेल, तर मी एप्कॉट सुचवेन. इथे "लिव्हिंग विथ द लँड" ही साधारण पंधरा मिनिटांची नौकासफर आहे. व्हीलचेअरमध्ये बसूनच ती करता येते आणि ती खऱ्या हरितगृहांतून जाते. केळी, पपई आणि मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या तिथे हाताच्या अंतरावर दिसतात. ज्यांनी शेतीत किंवा परसबागेत आयुष्य घालवले आहे, त्यांच्यासाठी याहून चांगले काही त्या संपूर्ण परिसरात नाही आणि गर्दी नसल्यास दुसऱ्यांदा बसायलाही हरकत नाही. प्रसिद्ध पांढऱ्या गोलातील "स्पेसशिप अर्थ" मात्र चालू शकणाऱ्यांनाच करता येते. अकरा देशांची दालने ज्या तळ्याभोवती आहेत, तो फेरा जवळपास दोन किलोमीटरचा असून वाटेत चढ-उतारही आहेत. तो पूर्ण करण्याचा हट्ट न धरता तळ्यातल्या नावेने पलीकडे जावे आणि जपान, मोरोक्को किंवा फ्रान्स अशी दोन-तीन दालने निवांत पाहावीत.

अॅनिमल किंगडममध्ये "फेस्टिव्हल ऑफ द लायन किंग" हा अर्ध्या तासाचा गायन-नृत्याचा कार्यक्रम बसून पाहता येतो. "किलिमांजारो सफारी"त प्राणी जवळून दिसतात, पण गाडी बरीच हादरते. मणक्याचा किंवा मानेचा त्रास असेल, तर ती टाळणेच योग्य. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये वेगवान खेळ अधिक असल्याने वेळ कमी असल्यास ते उद्यान गाळावे.

जेवणाची चिंता फारशी नको. काचेची भांडी वगळता बाहेरचे खाणे आत नेण्यास परवानगी आहे, त्यामुळे दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी, लाडू बरोबर घ्यावेत. काउंटरवर बर्फाचे पाणी विनामूल्य मागता येते. बसून जेवायचे असेल, तर अॅनिमल किंगडम लॉजमधील "सना" या उपाहारगृहात नान आणि निरनिराळ्या चटण्या मिळतात. वडीलधाऱ्यांचे ठरलेल्या वेळेचे जेवण आणि गोळ्या यांची सांगड घालून दिवस आखावा, कारण मधुमेह असताना "हा एक खेळ झाला की जेवू" म्हणणे धोक्याचे ठरू शकते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास पाणी किती प्यावे आणि उकाड्यात काय जपावे हे डॉक्टरांना आधीच विचारावे. प्रत्येक उद्यानात प्रथमोपचार केंद्र असून तिथे इन्सुलिनसारखी औषधे थंड ठेवण्याची सोय होते. स्वतंत्र कौटुंबिक स्वच्छतागृहेही आहेत, जिथे मुलगा आईला किंवा मुलगी वडिलांना संकोच न बाळगता मदत करू शकते. त्यांची ठिकाणे नकाशावर सकाळीच पाहून ठेवावीत आणि पाणी भरून घेण्यासाठी पिशवीत एक रिकामी बाटली असू द्यावी.

वैद्यकीय विमा भारतातून निघण्यापूर्वी किंवा आल्याबरोबर घ्यावा. पर्यटकांसाठीच्या पॉलिसींत आधीपासूनच्या आजारांवर मोठ्या मर्यादा असतात, म्हणून हृदयविकार किंवा रक्तदाबाबाबतचे कलम शब्दशः वाचावे. औषधांची नावे आणि मात्रा लिहिलेला कागद, विम्याचे कार्ड आणि हॉटेलचा पत्ता आई आणि बाबा या दोघांच्याही खिशात वेगवेगळा ठेवावा.

दिवसाचा क्रम साधा असावा: सकाळी लवकर जाऊन तीन-चार तास, दुपारी हॉटेलवर परत येऊन झोप आणि जमल्यास संध्याकाळी दोन तास. दारूकामानंतर बाहेर पडणारी गर्दी मोठी असते. तेव्हा एक तर ते सुरू होण्याआधी निघावे, नाहीतर संपल्यावर अर्धा तास एका जागी बसून राहावे. सलग दोन दिवस उद्यानात न जाता मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा. नातवंडांना वेगवान पाळणे हवे असतील, तर मोठ्यांपैकी एकाने मुलांबरोबर जावे आणि दुसऱ्याने आई-वडिलांबरोबर थांबावे. कोणी केव्हा थांबायचे हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवावे, म्हणजे आजी-आजोबांना आपल्यामुळे कोणाची तरी मजा हुकते आहे असे वाटत नाही.