बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन: हवा खरोखर बाहेर जावी म्हणून

पंखा घरघरतोय म्हणजे हवा बाहेर जातेय, असं नसतं. छतावर काळे ठिपके, दाराच्या चौकटीला फुगारा, आंघोळीनंतर बराच वेळ आरशावर टिकणारी वाफ, हे सगळं पंखा बसवलेल्या बाथरूममध्येही दिसतं. अशा वेळी लोक मोठा पंखा आणतात. खरं तर बहुतेकदा हवेची बाहेर जायची वाट अडलेली असते, नाहीतर नव्या हवेला आत यायला जागाच ठेवलेली नसते.

दमट हवा उघड्यावरच सोडायची, इथे तडजोड नाही. फॉल्स सीलिंगच्या पोकळीत किंवा माळ्यावर सोडलेली वाफ तिथल्या थंड भागावर पाणी होऊन बसते. लाकूड कुजतं, जिप्समचा बोर्ड लोंबायला लागतो, बुरशी धरते, आणि खालून बरेच दिवस काहीच कळत नाही. वळचणीखाली तोंड काढणंही टाळा. तिथे छपराच्या हवेसाठी जाळी असेल, तर बाहेर टाकलेली वाफ त्याच जाळीतून पुन्हा छपराखाली ओढली जाते.

आता पंख्याचं माप. बाथरूमची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि त्याला ८ ने गुणा, म्हणजे खोलीतली हवा तासाला ८ वेळा बदलेल. २ × १.५ × २.५ मीटरची बाथरूम म्हणजे ७.५ घनमीटर, म्हणून तासाला ६० घनमीटर. पण बाथरूम कितीही लहान असली तरी तासाला ८५ घनमीटरच्या, म्हणजे ५० सीएफएमच्या (मिनिटाला ५० घनफूट) खाली जाऊ नका. खोक्यावरचा आकडा बऱ्याचदा पाइप न जोडता मोजलेला असतो. पाइप लांब असेल तर वरच्या मापाचा पंखा घ्या आणि २५ पास्कल दाबाला तो किती हवा फेकतो हे माहितीपत्रकात बघा. पात्यांचा साधा पंखा भिंतीत किंवा खिडकीत थेट बसवायला चांगला. लांब पाइपमधून हवा ढकलायची तर ब्लोअर पद्धतीचाच, म्हणजे बंद डब्यात फिरणाऱ्या चक्राने हवा जोरात फेकणारा पंखा हवा.

हवा खरी अडते ती पाइपमध्ये. ८५ घनमीटरसाठी ४ इंची पाइप लागतो. पंख्याचं तोंड ४ इंची असताना पुढे रिड्यूसर (मोठ्या पाइपला लहान पाइप जोडणारा तुकडा) लावून ३ इंची पाइप जोडला, तर तेवढीच हवा नेताना घर्षण चौपटीहून जास्त होतं. मग पंखा ओरडतो आणि हवा मात्र हलत नाही. तासाला दीडशे-दोनशे घनमीटरचा पंखा असेल तर ६ इंची पाइप टाका. पाइप आतून गुळगुळीत असावा, पत्र्याचा किंवा कडक पीव्हीसीचा. अ‍ॅकॉर्डियनसारखा लवचिक पाइप वापरावाच लागला तर कमीत कमी लांबीचा घ्या आणि पूर्ण ताणून बसवा. सैल सोडला की त्याला झोळ पडतो, झोळात पाणी साचतं आणि वाट अर्धी बंद होते. प्रत्येक काटकोनी एल्बो म्हणजे ३ ते ४ मीटर सरळ पाइप वाढवल्यासारखं आहे. वळण घ्यायचंच असेल तर ४५ अंशांचे दोन एल्बो लावा, आणि पंख्याच्या तोंडापासून पहिले ६० सेंटिमीटर तरी पाइप सरळ जाऊ द्या.

आडव्या पाइपला बाहेरच्या दिशेने उतार द्या, मीटरमागे २ सेंटिमीटर. आत साचणारे थेंब बाहेर गळावेत, पंख्याच्या मोटरवर नकोत. जोड देताना दिशा बघा: पंख्याकडून येणाऱ्या पाइपचं टोक पुढच्या पाइपच्या सॉकेटमध्ये जायला हवं. उलटं जोडलं तर उताराने येणारं पाणी सांध्यातून छतावर झिरपतं. पत्र्याचे सांधे अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या टेपने बंद करा. कापडी टेपचा गोंद काही काळाने सुकतो आणि टेप सुटते. लांब स्क्रू नकोत, आत आलेल्या टोकांना धूळ आणि धागे अडकतात. थंड माळ्यावरून पाइप जात असेल तर त्याला इन्सुलेशन गुंडाळा, नाहीतर वाफेचं पाणी वाटेतच होईल.

बाहेरच्या टोकाला खाली तोंड असलेली टोपी आणि हवेच्या दाबाने उघडणारी झडप लावा. जाळी फार बारीक नको, तिच्यावर धुळीचा थर बसून तोंड बंद होतं; ६ मिलिमीटरची पुरे. खिडक्या-दारांपासून हे तोंड किमान १ मीटर लांब ठेवा. नव्या पंख्याच्या स्वतःच्या झडपेला पॅकिंगची चिकटपट्टी असते. ती काढायची राहिली, किंवा बसवताना स्क्रू झडपेच्या आड आला, तर झडप उघडतच नाही. छताचं झाकण लावण्याआधी बोटाने झडप हलवून बघा.

आत येणाऱ्या हवेचा विचार जवळजवळ कुणीच करत नाही. दाराखाली २ सेंटिमीटर फट ठेवा. ७० सेंटिमीटर रुंद दाराला ती १४० चौरस सेंटिमीटर होते, ४ इंची पाइपच्या तोंडाच्या जवळजवळ दुप्पट. पंखा दारापासून लांब, शॉवरच्या बाजूला बसवा, म्हणजे कोरडी हवा सगळी खोली ओलांडून जाईल. काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीत पंखा असेल तर शेजारच्या पट्ट्या बंदच ठेवा. उघड्या राहिल्या तर बाहेरची हवा तिथून येते आणि वीतभरावरच्या पंख्यातून लगेच परत जाते. शॉवरजवळची वाफ जागची हलत नाही.

बाथरूममध्ये किंवा लगतच्या खोलीत उघड्या ज्वालेचा गॅस गीझर असेल तर थांबा. पंखा हवा ओढू लागला की गीझरच्या धुराड्यातला जळका वायू उलटा खोलीत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. आधी गीझर तिथून हलवा, किंवा हवा बाहेरूनच घेणारा बंदिस्त प्रकारचा बसवा, मगच पंख्याचं काम काढा.

वायरिंग मेन स्विच बंद करून आणि टेस्टरने खात्री करूनच. अर्थिंग जोडलेलं हवं, सर्किटवर आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा, आणि शॉवरजवळ बसणारा पंखा पाण्याच्या शिंतोड्यांना तोंड देणारा, म्हणजे निदान आयपीएक्स४ दर्जाचा असावा. टायमर लावता आला तर आंघोळीनंतर २० मिनिटांचा लावा. भिंती तेव्हाही ओल्याच असतात.

बसवून झाल्यावर दार लावून टिश्यू पेपरचा एक पदर जाळीला लावून बघा. तो चिकटून राहायला हवा. दार उघडल्यावरच चिकटत असेल तर दाराखालची फट कमी पडतेय. दोन्ही वेळा गळून पडला तर बाहेर जाऊन झडप बघा: ती हललेली नसेल तर अडथळा पाइपमध्ये किंवा झडपेतच आहे. दर सहा महिन्यांनी वीज बंद करून जाळी आणि पाती ब्रशने साफ करा, आणि त्याच वेळी बाहेरच्या टोपीत पक्ष्यांनी घरटं केलंय का तेही बघा.