आल्प्समधल्या आलिशान हॉटेलात राहायला निघालात? या चुका टाळा

आल्प्समधल्या नामांकित हॉटेलातली एक खोली रात्रीला सहाशे-सातशे स्विस फ्रँकला जाते, हंगामात त्याहून बरीच वर. एवढे पैसे मोजून माणसं सकाळी साडेसातला हॉटेल सोडतात आणि रात्री नऊला परततात. मी पुण्यात बसून लोकांच्या सहली आखून देते, आणि सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक हीच. पैसे भरले पूर्ण हॉटेलचे, वापरली फक्त गादी.

नाशिकच्या एका काका-काकूंच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने त्यांना ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्ये एक सुरेख वेलनेस हॉटेल घेऊन दिलं. दोन रात्री. अलीकडे व्हेनिस, पलीकडे म्युनिक. व्हेनिसहून निघालात की मध्ये कुठेही थांबू नका, दुपारी तीनपर्यंत हॉटेलात पोचा, असं मी फोनवर बजावलं होतं. मुलाचं म्हणणं, वाटेत व्हेरोना आहे तर का सोडायचं? व्हेरोना झालं. डोंगरातल्या त्या गावी पोचायला सव्वानऊ वाजले. पाच पदार्थांचं रात्रीचं जेवण भाड्यातच धरलेलं होतं, पण स्वयंपाकघर बंद झालं होतं. खोलीवर ब्रेड, चीज आणि काकडीच्या चकत्या आल्या. दुसऱ्या दिवशी इन्सब्रुक आणि वाटेन्समधलं स्वारोव्स्कीचं क्रिस्टल संग्रहालय. परत यायला आठ. बाहेरचा गरम पाण्याचा तलाव साडेसातलाच बंद झाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी म्युनिकची गाडी. काकूंनी तो तलाव गॅलरीतून पाहिला, पाण्यात पाऊलही टाकलं नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांना त्या पाण्यात खरंच आराम पडला असता.

यात हॉटेलचा काही दोष नाही. ही हॉटेलं दिवसभर आत राहणाऱ्या पाहुण्यांसाठीच बांधलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात पाहुणे इथे दोन रात्रींसाठी येत नसत, कित्येक आठवड्यांसाठी येत. स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झचे हॉटेलमालक योहानेस बाद्रुट यांची गोष्ट तिथे सगळे सांगतात. १८६४ मध्ये त्यांनी आपल्या इंग्रज पाहुण्यांना पैज लावून हिवाळ्यात बोलावलं: आवडलं नाही तर प्रवासखर्च माझा. पाहुणे आले आणि वसंत येईपर्यंत हलले नाहीत. दावोसला क्षयरोगी महिनोन्‌महिने गॅलरीत घोंगड्या पांघरून कोवळ्या उन्हात पडून राहत. तिथलं १९०० साली उघडलेलं शात्सआल्प हे आरोग्यधाम आज हॉटेल आहे. लांब खुर्च्या, लोकरी पांघरुणं, मोठमोठ्या बैठकीच्या खोल्या, दुपारचा केक, हे सगळं त्या मुक्कामी दिवसांतून आलं आहे. अजूनही दिवसाची घडी तशीच असते. सावकाश न्याहारी, मग चालणं किंवा पाणी, दुपारी तीन-चारच्या सुमाराला खाणं, संध्याकाळी सौना (घाम काढायची लाकडी गरम खोली), सात-साडेसातला ठरलेल्या टेबलावर जेवण. त्यातले दहा तास बाहेर काढले तर उरतं काय?

माझी सवय सांगते. अशा हॉटेलात तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम मी आखतच नाही, आणि मधल्या एका दिवसाच्या रकान्यात काहीही लिहीत नाही. त्या रिकाम्या रकान्यावरून लोक माझ्याशी भांडतात. सात दिवसांत चार देश दाखवणारे रील पाहून आलेल्यांना तर तो दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. त्यांना मी स्पष्ट सांगते: फिरायचंच आहे तर स्टेशनजवळचं साधं, स्वच्छ तीन तारांकित हॉटेल घ्या आणि उरलेले पैसे डोंगरावरच्या गाड्यांवर खर्च करा. तीही छान सहल होते. स्वित्झर्लंडमधल्या वाल्ससारख्या जागी तर एका दिवसात जाऊन येण्याचा अट्टहास करूच नये. वास्तुरचनाकार पीटर झुमथोर यांनी त्याच दरीतल्या क्वार्टझाइट दगडातून १९९६ मध्ये उभारलेलं ते स्नानगृह आहे. रेल्वे इलांझपर्यंतच जाते, पुढे पोस्टाच्या पिवळ्या बसने दरीच्या टोकाशी. तिथे पोचून घड्याळ बघत पाण्यात उतरण्यात काय अर्थ आहे?

मे महिना

दुसरी मोठी चूक तारखांची, आणि ती आपल्याकडच्या कुटुंबांकडून जास्त होते, कारण आपल्या शाळांची सुट्टी नेमकी एप्रिल-मेची. आल्प्सच्या उंचावरच्या गावांत स्कीइंगचा हंगाम ईस्टरच्या आसपास संपतो आणि उन्हाळ्याचा जूनमध्ये सुरू होतो. मधले सहा-आठ आठवडे गाव झोपलेलं असतं. हॉटेलचे कर्मचारी रजेवर, रोपवे तपासणीला, कुरणं पिवळी आणि चिखलाची, पायवाटांवर अर्धवट बर्फ. फुर्का (२,४२९ मीटर) किंवा ग्रिम्झेल (२,१६४ मीटर) यांसारखे घाट बहुधा मेअखेर किंवा जूनमध्ये उघडतात. सेंट मॉरिट्झमधलं १८९६ सालचं बाद्रुट्स पॅलेस आणि गश्टाडमधलं १९१३ सालचं पॅलेस, दोन्ही हॉटेलं हंगामी. या दिवसांत ती बंदच असतात. भर जुलैत महाबळेश्वरला जाऊन पॉइंट शोधावेत, तसा हा प्रकार.

फसगत का होते, तेही समजून घ्या. युंगफ्राउयोख (३,४५४ मीटर) आणि गोर्नरग्राट (३,०८९ मीटर) या उंच ठिकाणी नेणाऱ्या डोंगरी रेल्वेगाड्या बारा महिने चालतात. आपल्या सहली मे महिन्यात तिथेच जातात, बर्फात फोटो येतात, आणि सगळे आल्प्स मेमध्ये चालू असतात असा समज पसरतो. त्यात उघडी राहिलेली थोडी हॉटेलं या दिवसांत दर खाली आणतात. स्वस्त दर दिसला की घाईच्या माणसाचं बोट थांबत नाही. आत गेल्यावर कळतं की तीनपैकी एकच रेस्टॉरंट चालू आहे आणि स्पाच्या अर्ध्या भागात फरशी बदलण्याचं काम सुरू आहे.

यावर माझा उपाय साधा आहे. पैसे भरण्याआधी हॉटेलला ई-मेल करून तीन गोष्टी लेखी विचारायच्या: आमच्या तारखांना स्पा पूर्ण चालू आहे का, रात्रीचं जेवण मिळतं का, आणि गावातला रोपवे सुरू आहे का. एकाचंही उत्तर गोलमोल आलं तर तारीख किंवा गाव बदलायचं.

आणि मेमध्येच जायचं असेल तर खाली राहा. इटलीच्या दक्षिण टायरॉलमधलं मेरानो साधारण ३२५ मीटरवर आहे. तिथे मेमध्ये हवा उबदार, ट्राउट्मान्सडॉर्फ राजवाड्याची बाग फुललेली, आणि गावाच्या मध्यावर मोठं उष्णजल स्नानगृह. स्वित्झर्लंडमध्ये बाड रागात्स घ्या. तामिना घळीतून येणारं पाणी साडेछत्तीस अंशांचं, म्हणजे जवळपास आपल्या अंगाइतकंच ऊन. सोळाव्या शतकातला नामांकित वैद्य पॅरासेल्सस याने १५३५ मध्ये तिथे वैद्य म्हणून काम केलं होतं. इंटरलाकेनमध्ये १८६५ सालचं व्हिक्टोरिया-युंगफ्राउ हॉटेल आहे. तिथे राहून एक दिवस वर बर्फात जाऊन या, संध्याकाळी खाली पाण्यात. आजी-आजोबा बरोबर असतील तर मी मेमध्ये दुसरं काही सुचवतच नाही.

सौनात कपडे, सौनात फोन

हे कोणी आधी सांगत नाही आणि मग तिथे सगळ्यांचीच पंचाईत होते. ऑस्ट्रिया, दक्षिण टायरॉल आणि जर्मन भाषक स्वित्झर्लंडमध्ये पोहण्याच्या तलावात पोहण्याचा पोशाख घालतात, पण सौनाच्या भागात बहुतेक ठिकाणी कपडे चालत नाहीत. स्त्री-पुरुष एकत्र असतात, आणि कोणी कोणाकडे पाहत नाही. टॉवेल अंगाखाली पसरून बसायचं, घामाचा थेंब लाकडावर पडू द्यायचा नाही. आत जाण्याआधी अंघोळ करायची. ही तिथली स्वच्छतेची रीत आहे, आणि मला ती पटते.

आपल्याला तसं बसणं जमणार नाही, हेही मी पूर्ण समजू शकते. म्हणून बुकिंगच्या वेळीच विचारा. पोहण्याच्या कपड्यांत चालणारा कुटुंबांचा सौना पुष्कळ हॉटेलांत असतो, काही ठिकाणी फक्त बायकांसाठी वेगळा असतो, आणि मोठ्या हॉटेलांत दोघांसाठी खासगी स्पाची खोली तासावर मिळते. आपल्या जोडप्यांसाठी मला हाच मार्ग सर्वात चांगला वाटतो. मुलांना सौनाच्या भागात बहुधा प्रवेशच नसतो. वयाची अट हॉटेलागणिक वेगळी असते. तिचा आधी तपास करा, तिथे जाऊन हुज्जत घालू नका.

मित्रांचा एक गट माझ्याकडून सगळं विचारून गेला होता. त्यातल्या तिघांनी तरीही बर्म्युडा घालून, हातात फोन घेऊन सौनात प्रवेश केला आणि सेल्फी काढला. मागे दोन वयस्क पाहुणे बसलेले. पाच मिनिटांत व्यवस्थापक आला, समोर उभं राहून फोटो पुसायला लावले आणि उरलेल्या मुक्कामात त्या तिघांना स्पा बंद केला. त्यांनी मला रात्री फोन करून सांगितलं की आपण भारतीय म्हणून असं वागवलं. मी त्यांची बाजू घेतली नाही. उघड्या माणसांमध्ये कॅमेरा उघडणाऱ्याला कुठल्याही देशात हेच उत्तर मिळायला हवं. फोन खोलीतल्या तिजोरीत ठेवून स्पात जायचं, दुसरा कुठला नियम मी सांगत नाही.

सौना ऐंशी-नव्वद अंशांचा असतो. पहिल्यांदा बसणाऱ्याने खालच्या फळीवर आठ-दहा मिनिटं बसावं, मग थंड पाणी, मग अंग टेकून तेवढीच किंवा जास्त विश्रांती. विश्रांती गाळून पुन्हा पुन्हा आत जाणारे उतावळे चक्कर येऊन बसतात. तीन हजार मीटरवरून उतरलात त्या संध्याकाळी तर आधी भरपूर पाणी प्या आणि नुसत्या कोमट तलावात पडा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

बाकीच्या, थोडक्यात

ऑस्ट्रिया आणि दक्षिण टायरॉलमधला दर बहुधा माणशी असतो, जेवणासकट; स्वित्झर्लंडमधला बहुधा खोलीचा. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘हे निम्म्यात मिळतंय’ म्हणू नका.

तारे मोजत बसू नका. टायरॉलमधल्या चार तारांकित सुपीरियर हॉटेलचा स्पा पुष्कळदा शहरातल्या पंचतारांकितापेक्षा मोठा असतो.

मालिश किंवा अन्य उपचार हवे असतील तर खोलीबरोबरच वेळ घ्या. संध्याकाळी पाच ते सात या वेळा सर्वांत आधी भरतात.

खोलीत इंडक्शन आणि कुकर लावू नका. फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो, शंभर माणसं थंडीत बाहेर उभी राहतात, आणि अग्निशामक दलाचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. शाकाहारी जेवण ही मंडळी मनापासून करतात, फक्त आधी लिहून कळवा. नुसतं ‘व्हेज’ लिहू नका. सूप मांसाच्या पाण्यातलं नको, र्‍योश्टीत (किसलेल्या बटाट्याच्या खरपूस थापीत) डुकराचं मांस नको, अंडं चालतं की नाही, हे एकेक सांगा. कडक शाकाहारी असाल तर ग्रुयेरसारखं पारंपरिक चीज टाळा, ते रेनेटवर, म्हणजे वासराच्या पोटातल्या दूध घट्ट करणाऱ्या द्रव्यावर, लावलेलं असतं.

‘माउंटन व्ह्यू’ म्हणजे कुठलाही डोंगर. तुम्हाला मॅटरहॉर्न हवा असेल तर मॅटरहॉर्न असं नाव लिहिलेल्या प्रकारचीच खोली घ्या.

गावाचा पर्यटन कर वेगळा लागतो, पण त्याबरोबर बहुतेक ठिकाणी पाहुण्यांचं कार्ड मिळतं. त्यावर स्थानिक बस फुकट असते, काही ठिकाणी रोपवेही. चेक-इनलाच मागून घ्या.

आणि झेरमाटला भाड्याची गाडी घेऊन निघालात तर ती अलीकडच्या ट्याश गावातल्या वाहनतळावर ठेवावी लागेल. गावात पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्या चालत नाहीत. ट्याशहून रेल्वेने साधारण बारा मिनिटं लागतात. गाडीची वेळ हॉटेलला आदल्या दिवशी कळवा, मोठी हॉटेलं त्यांची विजेवरची छोटी गाडी स्टेशनवर पाठवतात, सामानासकट.