स्पार्क प्लगची निवड आणि गॅप: डबीवरच्या आकड्यावर विसंबू नका

स्पार्क प्लग बदलणे हे गाडीच्या देखभालीतले सर्वांत सोपे काम आहे, असे सर्रास सांगितले जाते. प्लग काढण्या-बसवण्यापुरते ते खरेही आहे. परंतु त्याच्या जोडीला ‘नवीन प्लगची गॅप कारखान्यातूनच बरोबर येते, डबी उघडा आणि बसवा’ असा जो सल्ला मिळतो, तो अर्धवट आहे. गॅप म्हणजे प्लगच्या टोकाशी असलेल्या मधल्या आणि बाजूच्या इलेक्ट्रोडमधली फट; तिच्यातच ठिणगी पडते. कारखान्यात ती नेमकीच ठेवली जाते. पण एकच प्लग अनेक इंजिनांसाठी विकला जातो, त्या इंजिनांना लागणारी गॅप सारखी असेलच असे नाही, आणि वाटेत डबी आपटली तर बाजूचा इलेक्ट्रोड सहज दबतो. त्यामुळे प्रत्येक प्लगची गॅप मोजायची, आणि बाजूचा इलेक्ट्रोड वाकवायचा मात्र गरज असेल त्याचाच. जाणकार म्हणवणारेही यातला निदान अर्धा भाग विसरतात.

निवड

गाडीच्या माहितीपुस्तिकेत प्लगचा क्रमांक दिलेला असतो, तोच घ्यावा. दुसऱ्या कंपनीचा पर्याय घेताना आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी, बैठकीचा प्रकार (वॉशरवाली की निमुळती) आणि हीट रेंज या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. आट्यांच्या लांबीत चूक झाली तर ती महागात पडते. जास्त लांब प्लग पिस्टनवर आदळू शकतो, तर आखूड प्लगमुळे सिलिंडर हेडचे (ज्यात प्लग बसतो त्या इंजिनाच्या वरच्या भागाचे) खालचे आटे उघडे राहून त्यांत काजळी भरते आणि पुढच्या वेळी योग्य प्लग बसवायला गेले की तो अडतो.

हीट रेंजबद्दल जेवढे गैरसमज आहेत, तेवढे दुसऱ्या कशाबद्दल नसतील. गरम प्लग म्हणजे जास्त तापट ठिणगी देणारा प्लग, हे साफ चूक आहे. प्लगचे टोक आपली उष्णता किती वेगाने सिलिंडर हेडकडे सोडते, एवढेच हीट रेंज सांगते. टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते, आणि ते सुमारे ८५० अंशांच्या पुढे गेले तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचा धोका निर्माण होतो. या दोन मर्यादांच्या मध्ये राहणारा प्लग इंजिन तयार करणाऱ्यांनी आधीच ठरवून दिलेला असतो. इंजिनात फेरफार केलेला नसेल तर त्यापेक्षा गार किंवा गरम प्लग घेण्याचे कारण नाही. क्रमांक ताडून पाहताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. एनजीके आणि डेन्सो यांच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग गार होतो, तर बॉश आणि चॅम्पियन यांच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग गरम होतो. नुसता आकडा जुळवून प्लग उचलणाऱ्याची येथे हमखास फसगत होते.

धातूची निवडही पुस्तिकेप्रमाणेच करावी. निकेलचे प्लग स्वस्त असतात, पण लवकर झिजतात. प्लॅटिनम आणि इरिडियम हे झीज आणि उच्च तापमान सोसणारे धातू असल्याने त्यांचे प्लग कितीतरी अधिक काळ टिकतात. इरिडियमने गाडीची ताकद वाढते, ही जाहिरातबाजी आहे. मात्र पुस्तिकेत इरिडियम सांगितले असताना पैसे वाचवण्यासाठी निकेल घातले, तर ते फार लवकर बदलावे लागतील, एवढे लक्षात ठेवावे.

जुने प्लग काढणे

इंजिन पूर्ण गार असावे. कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणारा, त्याच्या डोक्यावर बसणारा भाग) काढल्यावर प्लगच्या खोबणीत हवा मारून धूळ उडवावी आणि मगच पाना लावावा. कॉइल आणि जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावेत. टोकावरचा फिकट तपकिरी किंवा राखाडी थर हे इंजिन ठीक असल्याचे लक्षण होय. कोरडी काळी काजळी, तेलाचा ओलेपणा किंवा फोड आलेले पांढरे टोक दिसले तर दोष बहुधा इंजिनात आहे आणि नवीन प्लग घालून तो फक्त झाकला जाईल. जुने प्लग तारेच्या ब्रशने घासून पुन्हा वापरू नयेत. ब्रशचे धातूचे कण मधल्या इलेक्ट्रोडभोवतीच्या चिनी मातीच्या नाकाडावर ओढले जातात आणि ठिणगीला पळवाट मिळते.

गॅप मोजणे आणि बसवणे

हा टप्पा मलाही सुरुवातीला जड गेला होता, आणि त्याचे कारण हाताचे कौशल्य नसून चुकीचे हत्यार होते. नाण्याच्या आकाराचे, कडेची जाडी क्रमाक्रमाने वाढत जाणारे जे गोल गेज सगळीकडे मिळते, ते सरळ फेकून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पाचरीसारखे काम करते. आकडा वाचण्यासाठी ते आत सरकवत गेले की मोजता मोजताच गॅप रुंदावते, आणि त्याचा सगळा दाब मधल्या इलेक्ट्रोडवर येतो. निकेलच्या जाड इलेक्ट्रोडवर हे एक वेळ खपून जाते. इरिडियमच्या बऱ्याच प्लगांचे मधले टोक जेमतेम ०.४ ते ०.६ मिलिमीटर व्यासाचे असते आणि हा धातू कठीण असला तरी ठिसूळ आहे. बाजूने दाब आला की टोक तुटते किंवा आतल्या चिनी मातीला बारीक तडा जातो. तडा बाहेरून दिसत नाही. गाडी चढावर मिसिंग मारू लागली, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकून झटके देऊ लागली, की तो कळतो.

नव्या प्लगसाठी सपाट पात्यांचे फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा) चालते, तारेचे गेज त्याहून उत्तम. वापरलेला प्लग मोजायचा असेल तर तारेचेच घ्यावे, कारण झिजलेल्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर खळगा पडलेला असतो, सपाट पाते त्या खळग्याच्या दोन काठांवर टेकते आणि खरी गॅप दिसते त्याहून मोठी असते. पात्यांवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो, तो आधी पुसून काढावा. हवे ते माप एका पात्यात नसेल आणि दोन पाती जोडायची असतील, तर हे विशेष महत्त्वाचे.

किती गॅप ठेवायची, हा आकडा इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावा. अनेक पेट्रोल इंजिनांसाठी तो ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. एनजीकेच्या कित्येक क्रमांकांच्या शेवटी ‘-११’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ कारखान्यात ठेवलेली गॅप १.१ मिलिमीटर आहे. पुस्तिका आणि डबी यांत तफावत आढळली तर पुस्तिकेचे ऐकावे. गॅप रुंद ठेवली की ठिणगी मोठी पडते आणि गाडी चपळ होते, हा सल्ला धोक्याचा आहे. गॅप जितकी रुंद आणि सिलिंडरमधला दाब जितका अधिक, तितका ठिणगीसाठी लागणारा व्होल्टेज वाढत जातो; कॉइलला तो पुरवता आला नाही तर नेमक्या भाराच्या वेळी ठिणगी पडत नाही, आणि रोज तसा ताण पडत राहिला तर कॉइलच जळते. टर्बो इंजिनांत गॅप मुद्दाम कमी ठेवतात, ती याचमुळे. उलट गॅप फार कमी झाली तर ज्योतीची सुरुवातच दुबळी होते आणि इंजिन जागच्या जागी अडखळत चालते.

मोजताना ‘किंचित घासत गेले पाहिजे’ एवढेच सांगून लोक मोकळे होतात, आणि नवख्याला किंचित म्हणजे किती ते कळत नाही. त्यापेक्षा दोन पात्यांची कसोटी वापरावी. गॅप १ मिलिमीटर हवी असेल तर ०.९५ चे पाते अलगद आरपार गेले पाहिजे आणि १.०५ चे आत शिरता कामा नये. १.०५ चे पाते जोर लावून घुसवून पाहण्याचा मोह टाळावा, कारण जोर लावला की ते जाणारच आणि जाताना गॅप बिघडवणार.

माप पुस्तिकेच्या मर्यादेत असेल तर प्लगला हात लावू नये. नसेल, तर फक्त बाजूचा इलेक्ट्रोड पकडणारे, खाच असलेले हत्यार घ्यावे आणि तो त्याच्या वळणापाशी वाकवावा. मधल्या इलेक्ट्रोडवर टेकू देऊन कधीही उचकटू नये. धातू थोडा मागे सरकतो, म्हणून अंदाजाने एकदम वाकवण्याऐवजी थोडे वाकवावे, सोडावे, मोजावे, पुन्हा थोडे वाकवावे. गॅप कमी करण्यासाठी प्लग ओट्यावर किंवा फरशीवर आपटण्याची पद्धत आहे. ती मला मान्य नाही, कारण त्या आघातावर आपला ताबा नसतो. एकच इलेक्ट्रोड दोन-तीनदा पुढे-मागे झाला तर वळणावर धातू थकतो आणि तो तुकडा सिलिंडरमध्ये पडण्यापेक्षा प्लग टाकून दिलेला बरा.

नुसते माप जुळले म्हणजे झाले, असेही नाही. प्लग उजेडासमोर डोळ्यांच्या रेषेत धरावा. दोन्ही इलेक्ट्रोडांमधली प्रकाशाची फट दोन्ही टोकांना सारख्या जाडीची दिसली पाहिजे. ती वळणाच्या बाजूला निमुळती आणि टोकाला रुंद दिसत असेल, तर पाते वळणापाशी अडून माप जुळल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्ष गॅप तिरकी असते. मग प्लग चतुर्थांश फिरवून दुसऱ्या बाजूने पाहावा. बाजूचा इलेक्ट्रोड मधल्याच्या बरोबर माथ्यावर आलेला असावा, एका अंगाला सरकलेला नसावा. दोन-तीन बाजूचे इलेक्ट्रोड असलेल्या प्लगांच्या वाट्याला जाऊच नये. ते जसे येतात तसेच बसवायचे असतात. हातातून फरशीवर पडलेला प्लग, तो कितीही धडधाकट दिसला तरी, मी बसवत नाही.

बसवणे

गॅप नीट केलेला प्लग खोबणीत वरून सोडून देणे म्हणजे केलेल्या कामावर पाणी ओतणे होय. तो रबर असलेल्या प्लग-पान्यात किंवा रबरी नळीच्या टोकात धरून अलगद खाली उतरवावा आणि नळीनेच पहिले काही आटे फिरवावेत. आटे तिरके बसू लागले तर नळी प्लगवरच घसरते आणि हेड वाचते. आट्यांना ग्रीस किंवा जाम न होण्याचे मलम लावू नये. त्याने घर्षण घटते आणि टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) योग्य आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात प्लग जास्त आवळला जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मिलिमीटर आट्यांच्या, वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर आणि १२ मिलिमीटरवाल्याला १५ ते २० पुरतात, तरी पुस्तिकेतला आकडा अंतिम समजावा. टॉर्क पाना नसेल तर १४ मिलिमीटरचा वॉशरवाला नवा प्लग हाताने पूर्ण टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे. वॉशर नसलेल्या निमुळत्या बैठकीच्या प्लगला फेऱ्याचा सोळावा भागच द्यायचा असतो.

कॉइल दाबून बसवाव्यात, जोडणीचा ‘टक’ असा आवाज ऐकावा आणि इंजिन सुरू करावे. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला तर गाडी ताबडतोब बंद करावी, कारण न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) खराब करते. अशा वेळी संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करून पाहावी. मिसिंग कॉइलबरोबर सरकले तर कॉइल बदलावी. ते त्याच सिलिंडरवर राहिले तर इंजिन गार होऊ द्यावे, तेथला प्लग काढावा आणि गॅप पुन्हा मोजावी. बहुतेक वेळा तो खाली उतरवताना कोठेतरी आपटलेला असतो.