फ्युएल इंजेक्शनच्या जुन्या गाडीचं मायलेज घटलं, पण दोष इंजेक्टरचा नव्हता

लक्षण: इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास, प्लग काजळीने काळे, मायलेज लिटरला १५ वरून ११ किलोमीटर. चेक इंजिनचा दिवा लागत नव्हता.

एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, इंजेक्टर साफ करून घेतले, ऑक्सिजन सेन्सरही नवा टाकला. दोन महिने गेले, फार वैताग आला.

कार्बोरेटरच्या गाडीत चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळवून देणारी झडप) अडकला की हेच होतं. इंजेक्शनमध्ये, सिंगल पॉइंट (सगळ्या सिलिंडरना मिळून एक इंजेक्टर) असो वा मल्टीपॉइंट (प्रत्येकाला वेगळा), चोकचं काम कूलंट तापमानाचा सेन्सर करतो. तो ‘थंड’ सांगत राहिला की ईसीयू (इंजिन चालवणारा गाडीतला छोटा संगणक) पेट्रोल जास्तच सोडतो. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. माझ्या गाडीत काट्याचा सेन्सर वेगळा आहे, म्हणून काटा बरोबर दिसत होता.

रात्रभर उभ्या गाडीचं इग्निशन बंद ठेवून सेन्सरचा कनेक्टर काढला, मल्टिमीटरने दोन पिनांमधला रोध मोजला: सुमारे २.५ किलोओहम, ठीक. कनेक्टर लावून रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत इंजिन चालवलं, बंद करून पुन्हा मोजलं. ३०० ओहमच्या आसपास हवा होता, मिळाला १.४ किलोओहम! ईसीयूच्या लेखी इंजिन कायम कोमट.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच (गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका) सेन्सर बदलला, वॉशर नवा घातला, कूलंट भरून हवा काढली. ईसीयूच्या जुन्या नोंदी पुसल्या जाव्यात म्हणून बॅटरीची ऋण तार १५ मिनिटं सोडवून ठेवली.

पुढच्या दोन टाक्यांत मायलेज १४.५ वर आलं, वासही गेला.