बॉट बनवण्याआधी एचआरच्या खिडकीशी बसा

चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आयटीत रुजू झालो आणि पहिलंच काम अंगावर आलं: नवीन कामगारांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा चॅटबॉट. मी उत्साहानं कुठलं एआय मॉडेल घ्यायचं याचा तक्ता करायला बसलो. आमच्या मॅडमनी तो बघितलाही नाही. म्हणाल्या, "आधी दोन आठवडे एचआरच्या खिडकीशी बस. लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढ." तेव्हा राग आला होता. आता नवीन पोरं विचारतात तेव्हा मीही हेच सांगतो.

खिडकीवर कुणी 'अर्जित रजा' म्हणत नाही, 'पीएल किती उरल्या?' म्हणतात. फेब्रुवारीची पगाराची स्लिप हातात पडली की हमखास प्रश्न, 'शंभर रुपये जास्त का कापले?' महाराष्ट्रात व्यवसायकर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये, असे वर्षाचे 2,500 होतात. उत्तर एका ओळीचं आहे, पण आमच्या एकाही कागदात ते या शब्दांत नव्हतं, मग बॉटला सापडणार कसं? नवख्यांचा ठरलेला प्रश्न यूएएनचा, म्हणजे पीएफसाठी मिळणाऱ्या कायम क्रमांकाचा. हा 12 अंकी क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो. हे माहीत नसल्यानं अनेकजण पीएफच्या फॉर्मवर तो रकाना कोराच सोडतात. शिवाय निम्मे लोक मराठी रोमन लिपीत टाइप करतात, स्पेलिंग ज्याचं त्याचं. चाचणीसाठी मी हेच प्रश्न चुकांसकट वापरले.

आमचा बॉट आरएजी पद्धतीचा. म्हणजे प्रश्न आला की आधी कंपनीच्या कागदांतून जुळणारे तुकडे शोधायचे, ते मॉडेलपुढे ठेवायचे आणि त्यावरूनच उत्तर लिहून घ्यायचं. ऐकायला सोपं आहे. रजेचा तक्ता तुकडे करताना मधोमध कापला गेला, मथळा एकीकडे आणि आकडे दुसरीकडे, आणि बॉट कायम कामगाराच्या रजा ट्रेनीला वाटू लागला. प्रत्येक तुकड्याला त्याचा मथळा चिकटवल्यावर ते थांबलं.

खरी फजिती पुढे झाली. रजेच्या धोरणाच्या तीन पीडीएफ होत्या, त्यातली एक जुनी, स्कॅन केलेली. बॉटनं नेमकी तीच धरली. त्या भरवशावर एका मुलानं सुट्टी घेतली आणि त्याचा पगार कापला गेला. तो माझ्या टेबलाशी येऊन एवढंच म्हणाला, "तुमच्या बॉटनंच सांगितलं होतं." पैसे परत मिळाले, पण लोकांचा विश्वास परत यायला बरेच दिवस गेले. 'चूक बॉटची, आमची नाही' ही पळवाट कॅनडातही चालली नाही. तिथं एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटनं तिकिटाच्या सवलतीची चुकीची माहिती दिली होती, तेव्हा 2024 मध्ये लवादानं भरपाई कंपनीलाच द्यायला लावली.

त्यानंतर प्रत्येक कागदाला एक मालक आणि एक तारीख दिली. उत्तराखाली कागदाचं नाव आणि पान दिसतं. कागदात काही सापडलं नाही, तर बॉट सरळ 'मला माहीत नाही' म्हणून एचआरचा एक्स्टेन्शन नंबर देतो. शिल्लक रजा, ओव्हरटाइमचे तास असले आकडे मॉडेलला लिहू देत नाही. ते लॉगिन तपासून थेट एचआरच्या सिस्टिममधून येतात.

लैंगिक छळाच्या तक्रारीवर मात्र बॉटनं गप्पा मारायच्याच नाहीत. 2013 च्या कायद्यानुसार कंपनीनं नेमलेल्या अंतर्गत समितीचे फोन नंबर दाखवायचे आणि थांबायचं. 'हे चॅट साहेब वाचतात का?' असं बऱ्याच जणांनी विचारलं. नोंदी कोण बघतं हे आम्ही पहिल्याच स्क्रीनवर साध्या मराठीत लिहिलं. कायद्याच्या भाषेतला मसुदा आला होता, तो मी हट्टानं परत पाठवला.

सगळ्यात जास्त छळलं ते कंपनीच्या बसनं. कागदावर 'स्टॉप क्र. 4', लोकांच्या तोंडी 'तळेगाव चौक'. पहिल्या दिवशी फर्स्ट शिफ्टला येणाऱ्याला पहाटे स्टॉप क्रमांक सांगून काय उपयोग? शेवटी ड्रायव्हरकाकांकडे गेलो. चहा संपायच्या आत त्यांनी सगळ्या थांब्यांची बोलीतली नावं लिहून दिली. आता रस्त्याचं काम निघून बस वळवली, की त्यांचा फोन एचआरच्या आधी मला येतो.