जादूच्या शाळेत प्रवेश: नाशिककर पालकांसाठी

हॅरी पॉटर वाचलेलं मूल अकराव्या वर्षात गेलं की जादूच्या शाळेच्या पत्राची वाट बघू लागतं. त्याला प्रश्न एकच, पत्र कधी येणार? आईबापांना मात्र चाळीस: बोर्ड कुठलं, डोनेशन किती, मेसमध्ये पोळ्या मऊ असतात का, आणि समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीला आधी पत्र आलं तर सोसायटीत तोंड कसं दाखवायचं? पत्र आपोआप येत नाही. ते घरीच करावं लागतं.

सुरुवात कागदापासून. झेरॉक्सचा ७० जीएसएमचा कागद चहात भिजला की उचलतानाच फाटतो. १०० जीएसएमचा बाँड किंवा ड्रॉइंगचा कागद घ्या. दोन कप पाण्यात तीन चमचे चहा पावडर पाच मिनिटं उकळा, गाळा, कोमट होऊ द्या. उरलेला गोड चहा वापरायचा मोह नको, मुंग्या लागतात. पसरट ताटात कागद पाच मिनिटं बुडवून सपाट वाळवा. दोरीवर टांगला तर सगळा रंग खालच्या कडेला उतरून काळा पट्टा पडतो. किंचित ओलसर असताना वर सुती फडकं टाकून इस्त्री फिरवा. मजकूर त्यानंतरच लिहा. शाईपेनाचं किंवा इंकजेटचं आधी केलेलं काम चहात वाहून जातं. लेझर प्रिंट तेवढी टिकते.

खरा धोका अक्षराचा. आईचं अक्षर मूल डब्यावरच्या चिठ्ठीवरूनही ओळखतं. त्यावर उत्तम उपाय मोडी. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहायची, म्हणजे वळण आपोआप जुनं दिसतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारे आजोबाही गप्प बसतात. मुळाक्षरांचा तक्ता दोन दिवसांनी वेगळ्या पाकिटात द्या.

मोहोर लाखेचीच हवी. मेणबत्तीचं मेण कागदाला तेलकट डाग पाडतं आणि पाकीट वाकलं की सुटून येतं. स्टेशनरीच्या दुकानातली लाखेची कांडी ज्योतीवर धरून रुपयाएवढा थेंब पाडा, दहा-बारा सेकंद थांबा आणि तेलाचं बोट लावलेलं थंड नाणं दाबा. घाई केली तर नाणं लाखेसकट वर येतं, उशीर केला तर ठसा उमटत नाही. हे काम मोठ्यांनीच करावं. वितळलेली लाख कातडीला चिकटून बसते. असं पाकीट टपालपेटीत टाकू नका, वाटेत मोहोरेचा चुरा होईल. दारातच ठेवा, पण तिकीट लावा. देशाची तिकिटं आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापली जातात. तिथे काम करणाऱ्यांच्या घरी वापरलेलं तिकीट चिकटवून भागणार नाही.

आता मजकूर. पत्रात ‘वसतिगृहात हजर व्हावे’ असं लिहिलंत तर मूल बॅग भरेल आणि आई रडेल. त्याऐवजी लिहा: ‘पहिले वर्ष बहिःस्थ.’ मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथेच असल्यामुळे नाशिकमध्ये घरबसल्या शिकण्याचं कुणाला नवल वाटत नाही. बस, डबा, हॉस्टेल आणि डोनेशन, चारही चिंता एका ओळीत मिटतात. ‘सध्याच्या शाळेचा दाखला काढू नये’ हेही ठळक लिहा. काही बाबांना प्रवेश म्हटलं की सेतू केंद्राची रांग आधी दिसते.

जादूच्या छडीला आपल्याकडे द्राक्षवेलीसारखी काडी नाही. एप्रिलच्या खरड छाटणीत बांधावर ढीग पडलेला असतो; बागाईतदाराला विचारून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सरळ काड्या निवडा, ३० ते ३५ सेंटीमीटर पुरे. घरी आणल्याबरोबर साबणाच्या पाण्याने घासा, कारण बागेत वर्षभर फवारण्या झालेल्या असतात. निळसर थर दिसला तर तो मोरचूद-चुन्याचा. ओली काडी सोललीत तर ती वाळताना पिळवटते. लाकडी पट्टीला तीन ठिकाणी बांधून सावलीत दोन-तीन आठवडे ठेवा, मग साल काढा, १२० नंबरचा आणि नंतर २२० चा पॉलिशपेपर फिरवा, जवसाच्या तेलाचा हात द्या. काडीच्या मध्यभागी मऊ गर असतो, त्यामुळे टोक फार बारीक केलं की पहिल्याच मंत्राला मोडतं. दोन्ही टोकं लाखेने बंद करा, आणि पेर मुठीत येईल असं बघा, पकड छान बसते.

जादूची रसायनं करायच्या कढईसाठी लोक भांडी बाजारात जाऊन तांब्याचं पातेलं आणतात. दिसतं झकास, पण कल्हई नसेल तर त्यात लिंबू, चिंच, ताक घालायचं नाही. आंबटाने तांबं उतरतं. रसायनं काचेच्या ग्लासातच करा. लाल जास्वंदीच्या आठ-दहा पाकळ्या कपभर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि गाळा. अर्ध्या भागात लिंबू पिळलं की गडद गुलाबी, उरलेल्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की हिरवट. दोन्ही एकत्र ओतले की फसफसून वर येतं, म्हणून ग्लास उंच घ्या आणि खाली परात ठेवा. हे प्यायचं नाही, हे पत्रातच लिहून टाका.

घुबडाचा हट्ट होईल. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घुबड पाळता येत नाही, विषय संपला. संध्याकाळी जुन्या झाडांवर पिंगळा दिसतो, तो दाखवा.

घरातलं कोणी तरी २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण काढेलच. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं, लोकांना फसवणं, घाबरवणं यावर तो कायदा आहे; जास्वंदीच्या पाण्यावर नाही. तरी शेजारच्या मुलांकडून प्रवेश फी घेऊ नका आणि ‘पेपर सोपा जाण्याचा मंत्र’ देऊ नका. तो मागायला मुलांआधी त्यांचे पालक येतात.

धाकटं भावंड असेल तर त्यालाही त्याच दिवशी पत्र हवं: ‘प्रतीक्षा यादी, क्रमांक १.’ नाहीतर छडी संध्याकाळपर्यंत पलंगाखाली दोन तुकड्यांत सापडते.