दुमागेतेत पहाटे पाचला उठा

फिलिपिन्समधल्या दुमागेतेला निघालात तर खोली घेताना एकच गोष्ट विचारा: इथून बाजार पायी किती लांब? खिडकीतून समुद्र दिसतो का, हे नंतर. गाव एवढंसं आहे (2020च्या जनगणनेत 1 लाख 34 हजार माणसं) की समुद्र कुठेही चालत गेलात तरी आडवा येतो. बाजार मात्र पहाटेच गाठावा लागतो.

मी तिथे दोन महिने लेकीकडे राहिले. ती सिलिमन विद्यापीठात समुद्रातल्या प्रवाळांचा अभ्यास करते. विद्यापीठ 1901 सालचं, अमेरिकन मिशनऱ्यांनी काढलेलं, आणि अर्धं गाव त्याच्याच जिवावर चालतं. लेक दिवसभर पाण्याखाली, मी एकटी. मूळची मालवणची, भात-मासे-नारळावर वाढलेली, त्यामुळे उपाशी राहणार नाही एवढी खात्री होती. बाकीचं चुकत चुकत शिकले.

तर पहाटे पाच-साडेपाचला सार्वजनिक बाजारात जा आणि 'पाइनितान' कुठे ते विचारा. इनित म्हणजे गरम, आणि पाइनितान म्हणजे पोटात काहीतरी गरम घालायची जागा. लाकडी बाकं, वाफाळती पातेली, मासे उतरवून आलेले हमाल, रात्रपाळीच्या नर्स. मागवायचं ते पुतो आणि सिक्वाते. पुतो म्हणजे चिकट तांदूळ नारळाच्या दुधात, आलं घालून वाफवलेला. सिक्वाते म्हणजे भाजून वाटलेल्या कोकोच्या वड्या पाण्यात उकळून लाकडी रवीने घुसळलेलं दाट, कडसर पेय. रवी पाहिल्यावर मला तिथेच बसकण मारावीशी वाटली. सोबत पिकला आंबा घ्या. पुतोवर सिक्वाते ओतून खातात. मी दोन दिवस वेगवेगळं खाल्लं, तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांना बघवेना, त्यांनीच माझ्या बशीत ओतलं.

तिथेच केळीच्या पानात गुंडाळलेलं बुदबुद (चिकट तांदळाची वाफवलेली वळकटी) मिळतं. त्यातलं 'काबोग' मागा. ते तांदळाचं नसतं, भगरीसारख्या बारीक धान्याचं असतं, आणि लवकर संपतं.

आता महत्त्वाचं. रोज नवी जागा शोधत फिरू नका. एकाच बाकावर लागोपाठ तीन दिवस बसा. पहिल्या दिवशी बाई मला 'मॅम' म्हणाली. दुसऱ्या दिवशी हसली. तिसऱ्या दिवशी 'नांग' म्हणाली, म्हणजे ताई, थोरली बाई, आणि न विचारता आंब्याची कोय माझ्याकडे सरकवली. कोय चोखणारी बाई तिने बरोबर ओळखली होती. तुम्हीही वयाने मोठ्या बाईला नांग, पुरुषाला नोंग म्हणा. तरुण पोरांना दोंग, पोरींना दाय.

भाषा बिसाया. मनिलाची तागालोग त्यांना कळते, पण 'पिला नि?' (हे केवढ्याला?) विचारलंत की चेहरे खुलतात. किंमत मात्र स्पॅनिश आकड्यांत येते: बेइन्ते म्हणजे वीस, सिंक्वेन्ता पन्नास. बिसाया आकडे पाठ करून गेले होते, ते भाजीवालीपुढे काही कामाला आले नाहीत. कधीकधी उत्तर तोंडाने येतच नाही. भुवया उंचावल्या तर 'हो'. आणि रस्ता विचारलात तर बोट न दाखवता ओठांचा चंबू करून दिशा दाखवतात. पहिल्यांदा मी घाबरून मागे सरले होते.

दुपारचं जेवण कारेन्देरियात, म्हणजे खानावळीत. ओळीने पातेली मांडलेली असतात. झाकणं उचलून आत बघायचं, कोणी रागवत नाही, तीच रीत आहे. बोटाने दाखवायचं आणि भात किती वाट्या ते सांगायचं. पण दाखवण्याआधी 'उन्सा नि?' (हे काय?) विचारा. मी एका ठिकाणी काळा दाट रस्सा पाहून काळ्या वाटाण्याची उसळच समजले आणि वाटीभर घेतला. ते दिनुगुआन होतं, डुकराच्या रक्तातलं. निम्मं खाल्लं, चव वाईट नव्हती, पण मी तशी डुक्कर खात नाही. तेव्हापासून 'नाय बाबोय?' (यात डुक्कर आहे का?) हे दोन शब्द जिभेवर तयार ठेवते. शुक्रवारी मुगाची पातळ आमटी बहुतेक ठिकाणी असते, कारण कॅथलिक घरांत त्या दिवशी मांस टाळायची जुनी प्रथा. तरी त्यात सुका मासा असू शकतो. शाकाहारी माणसाने 'उतान' मागावं: गवती चहा घातलेलं भाज्यांचं पाणी, त्यात शेवग्याचा पाला आणि मायाळू. त्यातही मासा असतो कधीकधी, विचारा.

मासेखाऊंनी किनिलाव चुकवू नये. तानिगे म्हणजे आपली सुरमईच. तिचे कच्चे तुकडे व्हिनेगर, आलं, कांदा, मिरचीत मुरवतात, कधी वर नारळाचं दूध. मला सोलकढीची आठवण झाली, आणि लेकीने डोळे फिरवले.

फिरायला तीनचाकी आहे. मोटार लावलेली असली तरी तिला 'पेदिकाब'च (पायडलची रिक्षा) म्हणतात. चढण्याआधी ठिकाण सांगा, उतरायचं असेल तेव्हा 'लुगार लांग' ओरडा. हजाराची नोट सकाळी कोणीही मोडून देत नाही, खिशात वीस-पन्नासचे पेसो ठेवा. दुपारी एक ते तीन गाव सुस्तावतं, तुम्हीही झोपा.

संध्याकाळी रिसाल बुलेवार्ड, म्हणजे समुद्रकाठचा रस्ता. सूर्यास्त बघायला जाऊ नका, समुद्र पूर्वेला आहे आणि सूर्य पाठीमागे डोंगराआड जातो. जायचं ते माणसं बघायला आणि तेम्पुरा खायला. जपानी तेम्पुराशी याचा संबंध नाही. माशाचा नि पिठाचा लांबट तुकडा, काडीला टोचून तळलेला, गोड-तिखट रसात बुडवायचा. बालुत विकणारेही फिरतात. बदकाचं गर्भ धरलेलं अंडं, मीठ-व्हिनेगर लावून. मी एकदा विकत घेतलं, फोडलं, आणि बाकावरच्या मुलाला दिलं.

कोणी जेवत असेल आणि तुम्ही शेजारून गेलात की 'काओन ता!' (चला, जेवू या) अशी हाक येते. लगेच बसायचं नाही, 'बुसोग पा' (पोट भरलंय) म्हणून हसायचं. तीनदा हाक आली तर मात्र बसा. मी एकदा बसले आणि सुकट-भात खाऊन उठले.

बुधवार मोकळा ठेवा. दक्षिणेला साम्बोआंगिता गावाजवळ मालातापाय इथे आठवडी बाजार भरतो. दोरी धरलेल्या म्हशी, बैल, डुकरं यांचा सौदा चालतो, आणि निखाऱ्यावर अख्खं डुक्कर फिरत असतं, तेच लेचोन. लेक म्हणे खमंग होतं. अपो बेटाला जाणाऱ्या होड्याही तिथल्याच किनाऱ्यावरून सुटतात. सकाळी लवकर निघा, दुपारपर्यंत बाजार ओसरतो, आणि परतीच्या जीपनीत (लांबट जीपसारख्या वडाप गाडीत) बसायला जागा हवी असेल तर एकटं माणूस कोंबड्यांच्या पिंजऱ्याशेजारी सहज मावतं.